रविवारचा दवाखाना

१३ एप्रिल २०२५, रविवार

आज छत्रपती संभाजीनगरातल्या मुकुंदवाडीत दवाखाना सुरू झाला. रेल्वे रुळांपलीकडच्या वस्तीतली समाजमंदिराची खोली, आठवड्यातून एकच दिवस, सकाळी नऊ ते एक. उद्या बाबासाहेबांची जयंती, त्यामुळे गल्लोगल्ली निळे झेंडे, मंडप, स्पीकरच्या चाचण्या. उद्घाटन वगैरे काही केलं नाही. वस्तीतल्या एका आजींनी आपणहून नारळ आणला आणि उंबऱ्याशी फोडला.

टेबलावर काय मांडायचं यावर आमच्यात बरेच दिवस वाद चालला होता. बरोबरच्या तरुण डॉक्टरचं म्हणणं, औषधांची पेटी आधी. मी म्हणत होते, वजनकाटा, बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, थर्मामीटर आणि ओआरएसची पाकिटं आधी. शेवटी सगळंच मांडलं, पण दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा वजनकाटा लागतो. रजिस्टरात नाव, वय, तक्रार, औषध या नेहमीच्या रकान्यांपुढे मी एक जास्तीचा रकाना आखून घेतला: ‘कुठे पाठवलं’. दुपारी वही चाळली तर तोच रकाना सगळ्यात भरलेला. बीपी वाढलेली किती माणसं! त्यातल्या बहुतेकांना हे आज पहिल्यांदा कळलं.

२० एप्रिल, रविवार

सुट्टीच्या दिवशी इथे कामाला न जाणारी माणसं कमीच. चिकलठाणा एमआयडीसीत ठेकेदाराकडे असलेली पोरं रात्रपाळी करून थेट इकडे येतात, डोळे तांबारलेले. बाया बांधकामावरच्या किंवा सिडकोत धुण्याभांड्याला जाणाऱ्या.

एक बाई गुडघे धरून आली. विटा वाहते. नेहमीचे प्रश्न विचारले: दुखणं सकाळी जास्त की संध्याकाळी, बसून उठताना की चालताना, गार वाऱ्याने वाढतं का, शेकलं की बरं वाटतं का. तिने आधी एकेका शब्दात उत्तरं दिली, मग हळूहळू सगळं सांगायला लागली. नवरा गेला, मुलगी माहेरी परत आली, नातवाला कोण सांभाळणार. बोलता बोलता थांबली नि म्हणाली, “एवढं कुणी इचारतच नाही बाई. बोलायच्या आधीच गोळ्या लिहायलेत.”

आमच्या होमिओपॅथीच्या शास्त्राकडे रुग्णाला द्यायला वेळ असतो आणि तो वेळ खरोखर औषधाचं काम करतो, याबद्दल मला कधीच शंका वाटली नाही. गोळ्यांबद्दल मात्र मी डोळे मिटून बोलू शकत नाही. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला आढावा आणि २०१५ चा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेचा अहवाल, दोन्ही आमच्या बाजूचे नाहीत. होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजाराबाबत मिळत नाही, असं ऑस्ट्रेलियाचा अहवाल म्हणतो. कॉलेजात शिकवताना हे मी वर्गातही सांगते. मुलं अस्वस्थ होतात, काही रागावतात. पण जे आपल्यावर विश्वास टाकून समोर बसतात त्यांच्या जिवाशी गाठ आहे. आपल्याला काय आवडतं याला तिथे किंमत नाही. म्हणून या खोलीत एक नियम पहिल्या दिवसापासून आहे. जिथे थांबल्याने नुकसान होईल तिथे गोळीवर थांबायचं नाही.

बाईला रस टॉक्स हे आमचं औषध दिलं, मांडीचे स्नायू बळकट करायचा साधा व्यायाम भिंतीला टेकून करून दाखवला, आणि साखर तपासली. साखर २८६. उद्या सकाळी उपाशीपोटी मनपाच्या आरोग्य केंद्रात जायचं, असं चिठ्ठीवर लिहून दिलं आणि वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनाही सांगून ठेवलं.

२७ एप्रिल, रविवार, रात्री

संध्याकाळी एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. केनियातल्या किसुमूला, व्हिक्टोरिया सरोवराकाठी, ओळखीच्या कुटुंबाने जागा देऊ केली आहे. तिथे सहा महिने राहून गोरगरिबांसाठी होमिओपॅथीचा दवाखाना उभा करायचा, मग तो तिथल्याच माणसांच्या हाती देऊन परतायचं. “मॅडम, तुम्ही मुकुंदवाडीत केलंत तसंच.” आवाजात केवढा उत्साह!

मी तिला पहिला प्रश्न विचारला, मलेरियाचं काय करणार?

किसुमूचा परिसर मलेरियाचा. आणि आमच्या शास्त्राची जन्मकथाच मलेरियाच्या औषधापासून सुरू होते. १७९० साली हानेमान विल्यम कलेन यांच्या ग्रंथाचा जर्मन अनुवाद करत होते. सिंकोनाची साल हिवतापावर का चालते याचं कलेन यांनी दिलेलं कारण त्यांना पटलं नाही, म्हणून त्यांनी ती साल स्वतः घेऊन पाहिली. अंगात थंडी भरल्यासारखी, नाडी जलद, हिवतापासारखीच लक्षणं जाणवली. त्यातून समानाने समान बरं होतं हा विचार आला, १७९६ चा निबंध आला, १८१० चं ‘ऑर्गेनॉन’ आलं. ही गोष्ट मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते. पण सिंकोनाच्या सालीत क्विनीन होतं आणि ते भरपूर मात्रेत पोटात जाई, म्हणून माणसं बरी होत. ते विरळ करत नेलं तर मलेरियाचा परोपजीवी जागचा हलत नाही. फाल्सिपॅरम जातीच्या परोपजीवीचा मलेरिया लहान मुलाला दोन दिवसांतही नेऊ शकतो. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी स्पष्टपणे बजावलं होतं: मलेरिया, क्षय, एचआयव्ही, इन्फ्लुएंझा आणि तान्ह्या मुलांचे जुलाब, यांवर होमिओपॅथी वापरू नये.

ती म्हणाली, “पण मॅडम, तिथे काहीच सोय नसेल तर?”

मी म्हटलं, सोय आहे. नाही असं आपण इथे बसून गृहीत धरतो. केनियात आर्टेमिसिनिनवर आधारलेली औषधं कधीपासून पहिल्या फळीत आहेत. आपल्या आशाताईंसारख्या आरोग्य कार्यकर्त्या तिथेही गावात असतात, बोटाच्या थेंबभर रक्तावर मलेरियाची चाचणी होते. मुलांना मलेरियाची लस प्रायोगिक तत्त्वावर द्यायला २०१९ पासून ज्या तीन देशांत सुरुवात झाली त्यांत केनिया होता, आणि तेही पश्चिम केनियाच्या याच भागात. तू जाशील तेव्हा या साखळीत शिर. तिच्या शेजारी दुसरं दुकान मांडू नकोस.

फोन ठेवल्यावर वाटलं, जास्तच कडक बोलले का? नाही. एवढं बोलायलाच हवं होतं.

४ मे, रविवार

ऊन फार. खोलीतला पंखा गरम हवाच फिरवतो. पेशंट कमी.

रिकामा वेळ मिळाला म्हणून विद्यार्थिनीला मोठं पत्र लिहिलं. परदेशात जाऊन होमिओपॅथीचा धर्मादाय दवाखाना काढायचा, ही वाट आपल्याकडे एकाने उलट्या दिशेने चालून दाखवली आहे. जर्मन जेझुइट फादर ऑगस्टस म्युलर. मंगळूरच्या कंकनाडीत १८८० साली ते वडाच्या झाडाखाली बसून होमिओपॅथीची औषधं द्यायला लागले. दहा वर्षांनी त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी आसरा उभा केला. आज तिथे त्यांच्या नावाचं मोठं रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज आहे, आणि त्यांच्याच नावाचं होमिओपॅथीचं कॉलेजही आहे. मला त्यांचं मोठेपण कशात दिसतं, तर समोर कुष्ठरोगी आल्यावर त्यांनी गोळ्यांची पुडी देऊन त्याला वाटेला लावलं नाही. निवारा, अंथरूण, शुश्रूषा, जे लागेल ते उभं करत गेले.

आणि जवळचं उदाहरण मेळघाटातलं. नागपुरात होमिओपॅथीची चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून डॉ. स्मिता कोल्हे लग्नानंतर डॉ. रवींद्र कोल्ह्यांबरोबर बैरागडला गेल्या. २०१९ ला दोघांना पद्मश्री मिळाली. त्या दोघांचं काम औषधापाशी थांबलं नाही. शेती, रेशन, रस्ता, वीज, सगळ्यात हात घातला. कुपोषणाने मुलं मरतात तिथे धान्य हेच औषध, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं.

आपल्या शहरातही १९८९ साली काही तरुण डॉक्टरांनी छोट्याशा जागेत हेडगेवार रुग्णालय सुरू केलं आणि जोडीनेच वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम बांधत नेलं. वस्तीत पाय टाकायचा तर आधी तिथल्या बायांचा विश्वास कमवावा लागतो, हे या शहरात आमच्या आधी त्यांनी करून दाखवलेलं आहे. आम्हाला ओसरी तरी तयार मिळाली.

८ जून, रविवार

पहिले पाऊस झाले आणि जुलाब सुरू झाले. नळाचं पाणी आठवड्याने येतं, तेही अर्धा-पाऊण तास. तोवर टँकर किंवा साठवलेलं.

सात महिन्यांचं लेकरू, टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही. आई म्हणाली, “दात यायलेत म्हणून असंल.” तिथेच बसवून चमच्याने ओआरएस पाजायला लावलं. एक चमचा, मिनिटभर थांब, पुन्हा एक चमचा. ओकलं तर दहा मिनिटं थांबून परत. आई घाई करायची, मी तिचा हात धरायची. तासाभराने लेकराने मूठ चमच्याकडे नेली. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडून मिळवल्या, चौदा दिवस द्यायच्या. पाकीट संपलं तर काय, हेही सर्वांसमोर करून दाखवलं: लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. संध्याकाळी आशाताईंना त्यांच्या घरी पाठवलं. लेकराला लघवी झाली होती.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटायला लावलं होतं. किती जीव वाचले त्याने. आमच्या पेटीतली कुठलीही बाटली मला याच्या तोलाची वाटत नाही, आणि हे म्हणताना माझ्या विद्येचा मी काही अपमान करते असंही मला वाटत नाही.

२२ जून, रविवार

चाळिशीतला माणूस, प्लास्टिकच्या कारखान्यात हेल्पर. खोकला. “राती झोपू देईना.” कधीपासून? “अक्षय तृतीयेच्या आदीपासून.” म्हणजे दीड महिना उलटून गेला. वजन ४३ किलो. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झालेली.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, याला अपवाद नाही. चिठ्ठी लिहिली. तो पेटीकडे बघत राहिला. “मॅडम, गोळी नाही देणार?” गेल्या महिन्यात दुसरीकडे त्याला कफाच्या गोळ्या मिळाल्या होत्या, आमच्याच पॅथीच्या, तीन वेळा. गोळी न घेता दवाखान्यातून बाहेर पडणं म्हणजे आपल्याला हाकलून दिलं, असं लोकांना वाटतं. ते समजून घ्यायला हवं. मी उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. म्हटलं, तुमचा खोकला गोळीने दबला तर मला भीती वाटते. टीबी असेल तर सहा महिन्यांच्या फुकट औषधाने तो बरा होतो, पोषणासाठी महिन्याला हजार रुपये बँकेत येतात, आणि घरातल्या लेकरांनाही वाचवता येतं. नसेल तर परत या, तुमचं सगळं पहिल्यापासून ऐकते.

उद्या आशाताई त्याच्याबरोबर जाणार आहेत. एकट्याला पाठवलं तर रोज बुडतो म्हणून तो जाणार नाही, हे त्या माझ्याआधी ओळखून होत्या.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

अर्धी वस्ती वाळूजकडे छोट्या पंढरपूरला गेलेली. दवाखाना बंदच ठेवला. त्या हेल्परच्या थुंकीत टीबी निघाला. औषध सुरू झालं. घरातल्या तिघांची तपासणी मंगळवारी.

१३ जुलै, रविवार

सगळीकडे एकच विषय. सीसीएमपी, म्हणजे आधुनिक औषधशास्त्राचा सर्टिफिकेट कोर्स, केलेल्या होमिओपॅथांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करण्याची अधिसूचना निघाली, आयएमए या अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने संपाचा इशारा दिला, सरकारने नोंदणी थांबवली. आता आमची मंडळी संतापली आहेत. २०१४ च्या कायदादुरुस्तीपासून हा वाद न्यायालयात लोंबकळतो आहे.

मी तो वर्षभराचा कोर्स केलेला आहे. फार्माकॉलॉजी शिकले, त्याचा उपयोग मला रोज होतो: कोणतं औषध द्यावं यापेक्षा पेशंट आधीपासून काय घेतोय ते ओळखण्यासाठी. सांधेदुखीवर स्टिरॉइड मिसळलेल्या पुड्या घेणाऱ्या बाया मला त्यामुळे कळतात. पण एका वर्षात कुणी फिजिशियन होत नाही. १९९६ साली पूनम वर्मा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ज्या पॅथीची पात्रता नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा. त्या प्रकरणातला डॉक्टर होमिओपॅथ होता, पेशंट तापाचा होता आणि दगावला. आमच्या संघटनेत हे बोलून दाखवलं तर चार लोक तोंड फिरवतात. तरी बोलते. गावागावांत एमबीबीएस पोचत नाही हे खरं, तिथे आमची पोरंच उभी असतात हेही खरं. त्यांना शिकवा, परीक्षा कडक घ्या, कोणती औषधं द्यायची त्याची यादी ठरवून द्या, वर देखरेख ठेवा. मोर्चा काढायचा तर या मागणीसाठी काढावा.

२० जुलै, रविवार

वॉर्डातले एक इच्छुक उमेदवार दोन कार्यकर्ते घेऊन आले. मनपाची निवडणूक कधी लागेल कुणाला माहीत नाही, पण तयारी सगळ्यांची. वागणं अदबीचं. “ताई, डेंग्यूचे पेशंट वाढायलेत. तुम्ही प्रतिबंधक गोळ्या द्या, खर्च आमचा. घरटी एक बाटली, वर आमचा फोटो. करोनात वाटल्या होत्या तशा.”

करोनात आर्सेनिकम अल्बम ३० घरोघर वाटलं गेलं, ते आठवतंच. आयुष मंत्रालयाने २०२० च्या जानेवारीतच ते सुचवलं होतं. लोकांना धीर आला असेल, पण बाटली घरात आहे म्हणून मास्क खाली ओढलेली माणसंही मी पाहिली. डेंग्यूची गोळी वाटली तर तेच होणार. बाटली आली, आता ड्रम झाकायची काय गरज?

त्यांना म्हटलं, माझ्याबरोबर चला. गल्लीत फिरलो. प्रत्येक दारापुढे निळे दोनशे लिटरचे ड्रम, काही घरांत चार-चार. एका ड्रमात मोबाइलच्या टॉर्चने उजेड टाकला. पृष्ठभागाला डोकं खाली करून लटकलेल्या अळ्या उजेड पडताच वळवळत तळाला गेल्या. ते वाकून बघत राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ असं मनपाचं पत्रक भिंतीवर चिकटवलेलं आहे. पण ज्या घरी नळ आठ-आठ दिवसांनी येतो तिथली बाई कोरडा दिवस कुठून आणणार? पाणी ओतून दिलं तर पुढचे चार दिवस लेकरांना काय पाजणार? जायकवाडीचं धरण इथून पन्नास-साठ किलोमीटरवर, नव्या पाणीयोजनेची पाइपलाइन वर्षानुवर्षं पडतेच आहे, आणि डेंग्यूचं मूळ या तहानेत आहे. एडिस डासाची मादी बहुधा स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालते. अंड्यापासून डास व्हायला उन्हापावसाच्या दिवसांत आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आमच्या नळाचा फेरा आणि डासाचा फेरा जवळजवळ सारखाच.

मी इच्छुकांना म्हटलं, गोळ्यांचे पैसे जाळीच्या कापडाला द्या. ड्रमची झाकणं हरवलीत, फुटलीत. फोटो हवा तर कापडावर छापा. ते हसले नाहीत. “बघतो,” म्हणाले.

३ ऑगस्ट, रविवार

अकरा वर्षांचा मुलगा. चार दिवस ताप होता, आज सकाळी उतरला. आई खुश, “बरा झालाय, फक्त ताकदीची गोळी द्या.” मुलगा बाकावर आडवा. हात धरला तर गार. पोटात दुखतंय म्हणाला, दोनदा ओकला होता, आणि प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला वेळ लागत होता. नाडी जलद आणि बारीक.

डेंग्यूत ताप उतरतो तीच धोक्याची वेळ असते. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, आणि घरचे निर्धास्त होतात. परवा त्याला मी गोळी दिली असती तर आजचा उतरलेला ताप त्या गोळीच्या नावावर जमा झाला असता, आणि ही बाई त्याला घेऊन घरी बसली असती. किती केसेस अशा लिहिल्या गेल्या असतील आमच्या पुस्तकांत!

तरुण डॉक्टर रिक्षात त्यांच्याबरोबर घाटीच्या सरकारी रुग्णालयात गेला. मी चिठ्ठीवर तापाचे दिवस, ताप उतरल्याची वेळ, आजची नाडी आणि बीपी, आणि ‘आयबुप्रोफेन दिलेलं नाही’ असं ठळक लिहिलं. प्लेटलेट ३८ हजार. दाखल करून घेतलं.

१० ऑगस्ट, रविवार

मुलगा घरी आला. काल राखी बांधून घेतली म्हणे बहिणीकडून, वॉर्डातून सुटून आल्या आल्या.

किसुमूहून नव्हे, अजून पुण्याहूनच, विद्यार्थिनीची मेल आली. पिवळ्या तापाची लस घेतली, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि जन्मभर चालतं. किसुमूतल्या सरकारी आरोग्य केंद्राला तिने पत्र पाठवलं होतं. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे तापाचा पेशंट आला तर त्याची चाचणी कोण करणार? तिने लिहिलं, चाचणी तुमची. मी तुमच्या आवारात बसेन, जुनाट दुखणी ऐकेन, बीपी-साखर बघेन आणि ताप दिसला की तुमच्या दारी पाठवीन. त्यांनी हो म्हटलंय. परवान्याचं मात्र अजून ठरलेलं नाही, आणि ते ठरल्याशिवाय ती निघणार नाही. लुओ भाषा शिकायला सुरुवात केलीय. माझ्या रजिस्टरच्या रकान्यांचा फोटो मागितला, तो लगेच पाठवला.

१७ ऑगस्ट, रविवार

जाळीचं कापड आलं. फोटो नाही, नुसतं कापड. बचत गटाच्या बायांनी कडेला इलॅस्टिक घालून शिवलं, ड्रमच्या तोंडावर टोपीसारखं बसतं. पाणी भरताना नळी वरूनच आत सोडता येते, काढावं लागत नाही.

आज दवाखान्यात तासभर औषधं बाजूला ठेवून एवढंच बोललो. ड्रम रिकामा करायला सांगायचं नाही. पाणी संपत येतं तो दिवस धरायचा. इथे पाण्याचा वार मागेपुढे होतो, पण लाइनमनचा निरोप आदल्या रात्री येतो. तो आला की तळाचं पाणी बादलीत काढायचं आणि ड्रमच्या आतल्या भिंती काथ्याने खरवडून घासायच्या, खास करून पाण्याची रेघ असते तिथे. एडिसची अंडी त्या रेघेवर चिकटलेली असतात, कोरडी झाली तरी महिनोन्‌महिने जगतात आणि नवीन पाणी चढलं की फुटतात. नुसतं ओतून दिल्याने ती जात नाहीत. विटा वाहणारी ती गुडघ्याची बाई उठून म्हणाली, “मंग आमच्या गल्लीला निरोप मी देईन, सगळ्यांची दारं वाजवून.” तिची साखर आता १६० वर आली आहे. गल्ल्या वाटून घेतल्या. अॅबेटिंगवाल्या, म्हणजे पाण्यात अळीनाशक टाकणाऱ्या, मनपा कर्मचाऱ्यांनाही आशाताई त्याच रात्री फोन करणार. परवा पाणी यायचंय.